प्रवरेच्या खोऱ्यातील लिंबूवर्गीय फळे : आरोग्यविचाराच्या इतिहासातील एक प्रकरण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर राजूर हे गाव आहे. त्याच्या पश्चिमेस भंडारदऱ्याचे धरण असून तेथे अडविलेले प्रवरेचे पाणी पूर्वेकडील सपाटीच्या तालुक्यांत कालव्यांनी पोचते. जिल्ह्यातील सर्वांत अधिक पाऊस राजूरच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात पडतो. मोसंबीच्या बागा मात्र श्रीरामपूर व राहुरीच्या बाजूस, मुळात अवर्षणप्रवण असलेल्या प्रदेशात वाढल्या. एकाच नदीच्या दोन टोकांमधील हा विरोध केवळ शेतीच्या इतिहासाचा विषय नाही. लिंबूवर्गीय फळे आरोग्यास हितकर आहेत हे सर्वमान्य आहे. परंतु हे हित नेमके कशात आहे आणि ते कोणाच्या वाट्यास आले, हे दोन प्रश्न इतिहासाने एकत्र विचारावयास हवेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास अनेक शतके लागली व त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. त्या किमतीत महाराष्ट्रातील शिपायांचाही वाटा होता.

१. नावे आणि कुळे

लिंबूवर्गीय फळांचे मूळ स्थान सह्याद्री नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर ब्रह्मदेश व युनान यांच्या परिसरात झाला असावा. आजची बहुतेक परिचित फळे ही थोड्या मूळ जातींच्या संकरातून निर्माण झाली आहेत. महाळुंग, पपनस व मंदारिन गटातील नारिंगे या त्यांपैकी प्रमुख होत. आपले कागदी लिंबू हे महाळुंग व एका रानटी आग्नेय आशियाई जातीचा संकर आहे. युरोपात वापरले जाणारे पिवळे, जाड सालीचे लिंबू हे महाळुंग व आंबट नारिंग यांचे अपत्य. तर मोसंबी ज्या गोड संत्र्यांच्या गटात मोडते, तो पपनस व मंदारिन यांच्या मिश्रणातून झाला. म्हणजे दोन्ही लिंबांचे पितृत्व महाळुंगाकडे जाते, मोसंबीचे जात नाही. ही वंशावळ पुढील विवेचनात उपयोगी पडेल. कारण जी फळे एकाच नावाने व एकाच चवीने ओळखली गेली, ती गुणाने एक नव्हती.

सह्याद्रीत या कुळाचा एक दूरचा नातलग आपोआप वाढतो. लोक त्यास माकडलिंबू म्हणतात. ते खरे लिंबू नव्हे. पण नाव देणाऱ्यांनी पानाच्या वासावरून व फळाच्या रूपावरून नाते अचूक ओळखले होते.

नावांचा प्रवासही बोधप्रद आहे. संस्कृतातील 'नागरंग' फारसीत 'नारंग' झाले व अरबीमार्गे स्पेन आणि पुढे युरोपात पोचले. 'संत्रे' हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा या गावावरून आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु बाबराने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील फळांचे वर्णन करताना 'संगतरा' या फळाचा उल्लेख केला आहे. उत्तर हिंदुस्थानात त्या काळी हे नाव रूढ असेल, तर पोर्तुगीज व्युत्पत्ती टिकणे कठीण आहे. 'मोसंबी' या नावात मात्र आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिकची आठवण स्पष्ट दिसते. महाळुंगाचे नाव महाराष्ट्राच्या भूमीवर कायमचे उमटले आहे. महाळुंग, महाळुंगे या नावांची गावे पुणे व सोलापूर जिल्ह्यांत आजही आहेत, आणि कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती असलेले फळ महाळुंगच होय.

२. आम्लरसाचा विचार

आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत मातुलुंग, म्हणजे महाळुंग, हे या वर्गातील महत्त्वाचे फळ आहे. चरकसंहितेत त्याचा गर शूल, अरुची, मंदाग्नी, उचकी, श्वास, कास व वांती यांवर उपयुक्त सांगितला आहे. त्याची साल मात्र पचण्यास जड मानली आहे. एकाच फळाचे गर, साल व केसर हे भाग वेगवेगळ्या गुणांचे मानणे, हा या विचाराचा सूक्ष्मपणा होय. नागरंग रुचकर व वातशामक, पण पचनास जड असे वर्णिले आहे. 'निंबूक' हे कागदी लिंबाचे नाव सोळाव्या शतकातील भावप्रकाशासारख्या उत्तरकालीन ग्रंथांत ठळकपणे येते. रसशास्त्रात धातू व खनिजे यांच्या शोधनासाठी आणि मर्दनासाठी जंबीर व लिंबू यांच्या रसाचा विपुल वापर सांगितला आहे. तेथे हा रस औषध नसून औषध सिद्ध करण्याचे साधन आहे.

या सर्व उपयोगांचे सूत्र आम्लरस हे आहे. आम्लरस अग्नी प्रदीप्त करतो, अन्नास रुची आणतो व वाताचे अनुलोमन करतो, अशी ही उपपत्ती. ती निराधार होती असे म्हणता येणार नाही. आंबट चवीने लाळ सुटते हा सर्वांचा अनुभव आहे. लिंबातील सायट्रिक आम्लाचे दोन स्वतंत्र उपयोग आधुनिक वैद्यकानेही मान्य केले आहेत. मूत्रातील सायट्रेट वाढल्याने काही प्रकारचे मूतखडे होण्यास प्रतिबंध होतो. तसेच पटकीचे जंतू आम्ल द्रवात तग धरीत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाउ येथे १९९० च्या दशकातील पटकीच्या साथींत, भाताबरोबरच्या कालवणात लिंबाचा रस घालणाऱ्यांना संरक्षण मिळाल्याचे पाहणीत आढळले. आम्लतेचे हे गुण खरे आहेत. परंतु लिंबाचा सर्वांत मोठा गुण आम्लतेत नव्हता, आणि तो तसा आहे असे मानल्यामुळे पुढे अनर्थ झाला.

३. समुद्रावरील अनुभव

हा गुण प्रथम ध्यानात आला तो दीर्घ सागरी प्रवासांत. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येणे, दात हलणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे आणि अखेरीस मृत्यू, अशी लक्षणे असलेल्या स्कर्व्ही या रोगाने खलाशी मोठ्या संख्येने मरत. १७४७ साली 'सॉल्सबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवरील शल्यवैद्य जेम्स लिंड याने बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. ज्या दोघांना दररोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले, ते थोड्याच दिवसांत उठून कामास लागले. तुलनेने उपचाराची परीक्षा करण्याच्या पद्धतीचे हे एक प्रारंभीचे उदाहरण मानले जाते. लिंडचा ग्रंथ १७५३ साली निघाला. पण ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमितपणे देण्याची व्यवस्था होण्यास १७९५ साल उजाडले.

या विलंबाचे एक कारण लिंडच्याच सल्ल्यात होते. रस दीर्घकाळ टिकावा म्हणून तो आटवून घट्ट करावा, असे त्याने सुचविले. आटविलेला रस पूर्वीइतकाच, किंबहुना अधिक आंबट लागे. परंतु उष्णतेने त्यातील रोगनिवारक अंश बराचसा नाहीसा होई. दुसरी चूक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. भूमध्य समुद्राकाठच्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील कागदी लिंबांचा रस आरमारास पुरविला जाऊ लागला. इंग्रजीत त्या काळी दोन्ही रसांना बहुधा एकच नाव असे. कागदी लिंबू अधिक आंबट, म्हणून ते अधिक गुणकारी, असा समज सहजच झाला. १८७५-७६ च्या ब्रिटिश उत्तर ध्रुव मोहिमेत स्कर्व्हीने ग्रासले, तेव्हा अनेकांचा लिंबावरचाच विश्वास उडाला आणि हा रोग नासलेल्या मांसाच्या विषामुळे होतो, असे मत बळावले. चवीवरून केलेल्या अनुमानामुळे सिद्ध झालेले ज्ञानही पुन्हा हरवले.

४. कूट येथील मराठा शिपाई

या हरवलेल्या ज्ञानाचा फटका महाराष्ट्रास बसला तो पहिल्या महायुद्धात. मेसोपोटेमियात लढणाऱ्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री व ११७ वी मराठा या पलटणी होत्या. दख्खन व कोकणातील शेतकरी कुटुंबांतून त्यांची भरती होई. ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करीपर्यंत तैग्रिस नदीकाठच्या कूट या गावी तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकून पडली.

वेढ्यातील आजारांची नोंद आहारशास्त्राच्या इतिहासात वारंवार उद्धृत केली जाते. गोऱ्या सैनिकांना मैद्याची पांढरी रोटी मिळत असल्याने त्यांच्यात बेरीबेरी दिसू लागली. पुढे मैदा संपून भरड आटा खाण्याची वेळ आली, तेव्हा तो रोग हटला. हिंदी सैनिक प्रारंभापासून आटा खात असल्यामुळे त्यांना बेरीबेरी झाली नाही. परंतु त्यांच्यापैकी एक हजाराहून अधिक जण स्कर्व्हीने आजारी पडले. गोऱ्या सैनिकांना घोड्याचे ताजे मांस मिळत होते व त्यातून थोडे का होईना संरक्षण लाभत होते. बहुसंख्य हिंदी सैनिकांनी धर्म व जातिरीतीस धरून ते मांस जवळजवळ अखेरपर्यंत नाकारले. या नकारावर सर्व दोष ठेवणे मात्र योग्य होणार नाही. वेढ्याबाहेरही, मेसोपोटेमियाच्या संपूर्ण रणक्षेत्रात, १९१६ साली हिंदी सैनिक हजारोंनी स्कर्व्हीग्रस्त झाले. आटा, डाळ, तूप व गूळ अशा सुक्या शिध्यावर महिनोन्महिने राहणाऱ्या माणसास हा रोग होणारच होता. ताज्या भाजीपाल्याचा व फळांचा पुरवठा करणे हे सरकारचे काम होते. मेसोपोटेमिया आयोगाने १९१७ च्या अहवालात त्या मोहिमेतील वैद्यकीय व्यवस्थेवर कठोर टीका केली आहे.

५. आंबटपणा आणि जीवनसत्त्व

युद्धातील या अनुभवाने संशोधनास चालना मिळाली. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक व तिच्या सहकाऱ्यांनी १९१८ च्या सुमारास गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविले की, ताज्या कागदी लिंबाच्या रसात पिवळ्या लिंबाच्या रसाच्या मानाने सुमारे एक चतुर्थांशच स्कर्व्हीनिवारक शक्ती असते, आणि साठवून ठेवलेला रस तर जवळजवळ निरुपयोगी असतो. हिंदी सैनिकांच्या शिध्याच्या दृष्टीने याच गटाने सुकी चिंच, आमसूल व आमचूर यांचीही परीक्षा केली. ही तीनही द्रव्ये लिंबाइतकीच, कित्येकदा अधिक आंबट; परंतु ताज्या फळांच्या मानाने त्यांचा गुण अल्प ठरला. आंबटपणा हे या गुणाचे गमक नव्हे, हे यावरून निश्चित झाले.

याच काळातील दुसरा निष्कर्ष मराठी वाचकास विशेष वाटावा. कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीनिवारक अंश नसतो. परंतु तेच धान्य भिजवून त्यास मोड आणले की तो निर्माण होतो. बाल्कन आघाडीवरील सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याचा उपचार करून त्याची लिंबाच्या रसाशी तुलना करण्यात आली व तो उपचार उपयुक्त ठरला. मटकी, मूग किंवा वाल यांना मोड आणून उसळ करणे हा मराठी घरांतील नित्याचा पाक होय. ज्या शिपायांच्या घरी मोडाची उसळ शिजत होती, त्यांना रणांगणावर कोरडी डाळ मिळत होती. भिजविण्यास पाणी व एक फडके एवढ्यावर थोडेफार संरक्षण शक्य होते. हे ज्ञान स्वयंपाकघरात आचाररूपाने होते, शिध्याच्या कोष्टकात नव्हते.

पुढील टप्पे परिचित आहेत. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी याने १९२८ साली एक आम्ल द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९३२ साली तेच स्कर्व्हीनिवारक द्रव्य असल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स किंग याने ते लिंबाच्या रसातून मिळविले. १९३३ साली हॉवर्थ व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना निश्चित करून ते कृत्रिम रीतीने तयार केले. यालाच क जीवनसत्त्व म्हणतात. ते मानवी शरीरात तयार होत नाही. उष्णतेने, हवेने व दीर्घ साठवणीने नष्ट होते. स्कर्व्ही टाळण्यास त्याचे दररोज सुमारे १० मिलिग्रॅम पुरे होते, यद्यपि पूर्ण आरोग्यासाठी शिफारस केलेले प्रमाण त्याहून बरेच अधिक आहे. सर्दी-पडशास ते प्रतिबंध करते हा लोकप्रिय समज मात्र सर्वसामान्य माणसांच्या बाबतीत प्रयोगांनी पुष्ट झालेला नाही.

६. कालवा आणि मोसंबी

जीवनसत्त्वांचे हे युग सुरू होत असतानाच प्रवरेच्या खोऱ्याचे रूप पालटत होते. भंडारदरा येथील विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झाले. संगमनेरजवळील ओझर बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांखाली ऊस आला व त्याच्या जोडीने मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या. झाडाला पाण्याचा ताण देऊन हवा तो बहार धरण्याची कला बागाईतदारांनी आत्मसात केली. मोसंबी हे आजाऱ्याचे फळ झाले. रुग्णाच्या भेटीस जाताना पिशवीत मोसंबी नेणे हा महाराष्ट्रातील एक सामाजिक शिष्टाचार ठरला. त्यात गोडवा, सौम्यता व आधुनिक आरोग्यविचार यांचा संगम होता.

तथापि कालव्याच्या पाण्याबरोबर बागांचा रोगही आला. शेंड्यांकडून फांद्या वाळत जाऊन झाड मरण्याच्या विकाराचा अभ्यास मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील चीमा व भट यांनी केला. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रिकेत या विकाराचा संबंध पश्चिम हिंदुस्थानातील जमिनींच्या स्वरूपाशी जोडलेला आहे. निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत मोसंबीच्या मुळ्या गुदमरतात. पुढे विषाणूजन्य रोगांचेही महत्त्व कळले, आणि कलमासाठी कोणता खुंट वापरावा हा प्रश्न निर्णायक ठरला. दीर्घकाळ हा खुंट जंभीरीचा असे. नंतर रंगपूर लिंबाच्या खुंटाची शिफारस होऊ लागली. गोड मोसंबीस जमिनीत उभे राहण्यासाठी आंबट, ओबडधोबड आप्ताच्या मुळांचा आधार घ्यावा लागला. १९६८ साली राहुरी येथे स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कागदी लिंबाच्या सुधारित जातीही दिल्या. 'साई शरबती' ही त्यांपैकी प्रसिद्ध आहे. श्रीगोंदे व कर्जतसारख्या कोरड्या तालुक्यांत कागदी लिंबू हे महत्त्वाचे नगदी पीक आहे.

७. राजूरचा प्रश्न

आता पुन्हा खोऱ्याच्या माथ्याकडे वळले पाहिजे. राजूरच्या परिसरातील महादेव कोळी व ठाकर समाजाची शेती भात, नाचणी व वरई यांची. धरणाचे पाणी खाली गेले. त्यावर पिकलेली मोसंबी डोंगरात परतली ती बाजाराच्या भावाने, व बहुधा आजारपणातच. म्हणून येथील लोक क जीवनसत्त्वावाचून राहिले, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रसिद्ध तक्त्यांत खाद्य भागाच्या दर १०० ग्रॅममध्ये मोसंबीत ५० मिलिग्रॅम, पेरूत २१२, शेवग्याच्या पाल्यात २२० व आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे. नव्या मोजमापांत आवळ्याचा आकडा याहून बराच कमी भरतो. तरीही तो मोसंबीच्या कित्येक पट आहे. १९३९-४० च्या हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्हीवर आवळ्याचाच उपयोग करण्यात आला होता. रानातला आवळा, पावसाळ्यातील रानभाज्या आणि मोडाचे वाल हे डोंगरातील माणसाचे 'लिंबू' होते. मोसंबीस आरोग्याचे प्रतीक मानणाऱ्या काळाने या द्रव्यांकडे गरिबाचे खाद्य म्हणून पाहिले, यात पुन्हा एकदा गुणापेक्षा प्रतिष्ठेस महत्त्व मिळाले. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वालासह अनेक देशी वाण जतन केले व परसबागेचा प्रसार केला. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. पोषणाचा विचार बाजाराकडून पुन्हा परसाकडे वळत असल्याचे हे चिन्ह होय.

लिंबाचा एक उपयोग मात्र या प्रदेशास आजही विशेष लागू आहे. वनस्पतिज अन्नातील लोह शरीरात अल्प प्रमाणात शोषले जाते. नाचणीत लोह असले तरी तिच्यातील इतर घटक त्याच्या शोषणास अडथळा करतात. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असल्यास हे शोषण वाढते. पांडुरोग हा स्त्रियांच्या आरोग्याचा मोठा प्रश्न असलेल्या समाजात भाकरी-भाजीवर पिळलेली लिंबाची फोड ही केवळ रुचीची बाब राहत नाही. जेवणानंतर काही तासांनी घेतलेल्या सरबताने हा लाभ होत नाही. फळ व अन्न एकाच वेळी पोटात जावे लागतात.

येथे मराठी ताटाची जुनी मांडणी अर्थपूर्ण ठरते. मिठाशेजारी, डाव्या बाजूस, लिंबाची कच्ची फोड वाढली जाते. ती अन्नाबरोबर शिजत नाही. जेवणाऱ्याने ती जेवतेवेळी वरून पिळावयाची असते. लिंडने रस आटविला, आरमाराने तो पिंपांत साठविला, युद्धखात्याने आंबट म्हणून सुकी चिंच योग्य मानली. स्वयंपाकघराच्या रीतीने मात्र फळ ताजे ठेवले, आगीपासून दूर ठेवले व अन्नाशी जोडले. ही रीत जीवनसत्त्वाच्या ज्ञानातून आली असे म्हणता येत नाही. ती बहुधा चवीसाठीच रूढ झाली. परंतु परंपरेने सांगितलेले कारण आणि परंपरेने जपलेली कृती या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कारण अपुरे असूनही कृती हितकर असू शकते, आणि कारण पटण्याजोगे असूनही कृती घातक ठरू शकते. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोहोंची परीक्षा स्वतंत्रपणे केली पाहिजे.

यांवरून दोन निष्कर्ष निघतात. लिंबूवर्गीय फळांचा आरोग्यास होणारा प्रमुख लाभ त्यांच्या आंबटपणात किंवा नावात नसून ताजेपणात आहे. हे न ओळखल्याची किंमत कूटच्या शिपायांनी दिली. दुसरे असे की, ताजेपणा हा केवळ फळाचा गुण नसून तो अंतराचा, पाण्याचा व मालकीचाही प्रश्न आहे. ज्या खोऱ्याच्या माथ्यावर पाणी साठते, तेथील घराच्या परसात लिंबाचे एक झाड जगविण्याइतके पाणी उन्हाळ्यात उरते किंवा नाही, यावर राजूरच्या परिसरात लिंबाचे आरोग्यमूल्य ठरणार आहे.